गृहरचना सॉफ्टवेअरवर घराचा नकाशा काढणे

घर बांधू किंवा दुरुस्त करू पाहणाऱ्या माणसाने, स्थापत्याचे शिक्षण नसताना, संगणकावर स्वतःच्या घराचा आराखडा मापात काढायचा, त्यात दारे, खिडक्या व सामान मांडून पाहायचे आणि तो आराखडा पुढे आर्किटेक्ट, ड्राफ्ट्समन किंवा कंत्राटदार यांच्यासमोर ठेवायचा, ही पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. बडोद्यात जुन्या वाड्यांचे वाटे पडून त्यांवर नवी घरे उभी राहतात, तसेच टेनामेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बैठ्या घरांवर मुलाच्या लग्नाआधी मजला चढतो. अशा दोन्ही प्रसंगी ही पद्धत कामी येते. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे त्याच शहरातील घरबांधणीला धरून दिली आहेत.

‘नकाशा’ हा शब्द मराठीत घराच्या संदर्भात दोन अर्थांनी चालतो आणि या विषयातील बराचसा घोटाळा तेथूनच सुरू होतो. स्वयंपाकघर कोठे, देवघर कोणत्या भिंतीला, आजींची खोली न्हाणीघराजवळ की लांब, हे ज्यावरून ठरते तो एक नकाशा. ज्यावरून पाया खणला जातो, ज्याला परवानगी मिळते आणि ज्याच्या खाली सही करणारा माणूस पुढे जबाबदार धरला जातो, तो दुसरा. गृहरचना सॉफ्टवेअर पहिला नकाशा उत्तम काढते, मात्र दुसऱ्याचा ते केवळ भास निर्माण करते. हा भास रंगीत आणि त्रिमितीय असल्यामुळे अधिकच खरा वाटतो.

संगणकावर रेषा काढण्याची सुरुवात १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये तयार केलेल्या ‘स्केचपॅड’पासून मानली जाते. १९८२ मध्ये ऑटोकॅड हे मापाचे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि वैयक्तिक संगणकावर नकाशे काढणे व्यवसायात शिरले. तोपर्यंत बडोद्यात काय किंवा अन्यत्र काय, नकाशा म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेने उमटवलेली प्रत). बडोद्याला या हातकामाची परंपरा जुनी आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात रेखांकन व यंत्रविद्या शिकविली जात असे आणि तीच संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा झाली. सामान्य माणसासाठीची सॉफ्टवेअर त्यानंतर बऱ्याच काळाने आली. स्केचअप २००० मध्ये प्रसिद्ध झाले, २००६ मध्ये ते गूगलने घेतले व त्याची विनामूल्य आवृत्ती घरोघरी पोहोचली. २०१२ पासून ते ट्रिंबल या कंपनीकडे आहे. फ्रेंच प्रोग्रॅमर एमान्युएल प्युबारे यांचे ‘स्वीट होम थ्रीडी’ हे मुक्तस्रोत असून साध्या संगणकावरही चालते. नवशिक्याने त्यापासून सुरुवात करणे सोयीचे, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच अनुसरून केले आहे.

या सॉफ्टवेअरच्या पडद्याचे चार भाग असतात : सामानाची यादी, घरात मांडलेल्या वस्तूंचा तक्ता, वरून दिसणारा सपाट आराखडा आणि त्याखाली त्याच घराचे त्रिमितीय दृश्य. वरच्या आराखड्यात भिंत ओढली की खालच्या दृश्यात ती उभी राहते, दार उचलून भिंतीवर ठेवले की भिंतीत आपोआप खोबण पडते. जुना कागदी नकाशा हाती असेल तर तो स्कॅन करून पार्श्वभूमीला ठेवता येतो. त्यावरील माहीत असलेल्या एका लांबीवर रेघ ओढून तिचे खरे माप लिहिले की सारे चित्र प्रमाणात बसते. येथे शक्य तितकी लांब रेघ निवडावी. तीन फुटांच्या दारावर प्रमाण बसवले आणि त्यात अर्ध्या इंचाची चूक राहिली, तर चाळीस फुटांच्या बाजूवर ती साडेसहा इंचांहून अधिक होते. घडी पडून ताणलेल्या किंवा आक्रसलेल्या प्रिंटवर तर दोन दिशांना दोन मापे पडताळून घ्यावी लागतात.

सर्वांत महाग पडणारी चूक भिंतीच्या जाडीची असते. स्वीट होम थ्रीडीमध्ये नव्या भिंतीची जाडी मुळात ७.५ सेंटिमीटर धरलेली असते. ही जाडी हलक्या पडदीला शोभते, आपल्याकडील विटांच्या बांधकामाला नव्हे. येथे बाहेरची भिंत नऊ इंची म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर आणि आतली साडेचार इंची म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटर असते, आणि गिलावा त्याहून वेगळा. वीस फूट रुंदीच्या बांधकामात दोन बाहेरच्या व मधली एक अशा तीन भिंती आडव्या आल्या, तर त्या प्रत्यक्षात ५७५ मिलिमीटर जागा खातात, सॉफ्टवेअरच्या मूळ मापाने मात्र २२५. फरक ३५० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ चौदा इंचांचा. पडद्यावर पलंग आणि कपाट यांच्या मधून आरामात चालता येते आणि प्रत्यक्षात कपाटाचे दार पलंगाला अडते, त्याचे कारण बहुधा हेच. म्हणून पहिली भिंत ओढण्यापूर्वी प्राधान्यक्रमांच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत जाऊन जाडी बदलणे, हे या कामातील पहिले पाऊल समजावे.

उंचीचेही तसेच. मूळ मापात भिंत २५० सेंटिमीटर उंच असते, तर भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर सांगितली आहे आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात कोणी त्याहून ठेंगणी खोली मागणारही नाही. उंची वाढवली की जिना बिघडतो. स्वीट होम थ्रीडीमध्ये जिना हा सामानाच्या यादीतून उचलायचा तयार नमुना असतो. तो ताणला तर पायऱ्यांची संख्या तीच राहते, फक्त प्रत्येक पायरी उंच होते. संहितेप्रमाणे घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच आणि २५० मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावी. मजल्यामजल्यातील अंतर तीन मीटर धरले, तर किमान सोळा चढ लागतात व प्रत्येक चढ १८७.५ मिलिमीटरचा येतो. दुहेरी वळणाच्या जिन्यात ते आठ-आठ वाटले तर एका बाजूला सात पायऱ्या (आठवा चढ चौकावरच पोहोचतो), म्हणजे पावणेदोन मीटर, आणि त्यापुढे वळण्यासाठी किमान एक मीटरचा चौक. इतकी लांबी कागदावर आधी मोजून, मग तेवढ्या मापाची चौकट आराखड्यात ठेवणे हे तयार जिना ओढून बसवण्यापेक्षा भरवशाचे. जिन्याला जागा पुरत नाही हे पडद्यावर कधीच दिसत नाही, ते सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा फळ्यांचा तात्पुरता साचा, लागल्यावर दिसते.

सामानाच्या यादीत बाथटब असतो, शेकोटी असते. कडप्प्याचा ओटा, देवघर, तुळशीवृंदावन, धुण्याभांड्याची चोकडी हे काहीच नसते, आणि बडोद्याच्या मराठी घराचा प्राण असलेला झोपाळा तर नसतोच. त्यावर उपाय सोपा आहे. यादीतील कोणतीही चौकोनी वस्तू घेऊन तिची लांबी, रुंदी व उंची हवी तशी लिहायची आणि नाव बदलायचे. मात्र झोपाळ्याची जागा म्हणजे फळीची जागा नव्हे. आठ फूट लांब साखळ्यांचा झोपाळा हळू झोका घेतला तरी मागे आणि पुढे प्रत्येकी साडेतीन-चार फूट जातो, शिवाय बसणाऱ्याचे पाय पुढे येतात. आराखड्यात फळी न काढता झोक्याचा सबंध पट्टा काढावा, म्हणजे दिवाणखान्याचे दार त्या पट्ट्यात येते की नाही हे तेव्हाच कळते.

दांडिया बाजार, रावपुरा यांसारख्या जुन्या वस्तीतील वाड्यांचा नकाशा बहुधा उपलब्धच नसतो, तेथे आधी मोजणी करावी लागते. अशा घरांच्या खोल्या काटकोनात असतीलच असे नाही, म्हणून चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजतात. दहा बाय बारा फुटांची खोली खरोखर काटकोनी असेल तर तिचा कर्ण १५ फूट साडेसात इंच भरतो, आणि दोन कर्णांत फरक आला की खोली तिरकी आहे. सामाईक भिंतीची जाडी दोन्ही घरांतून मोजता येत नसल्यास दाराच्या किंवा कोनाड्याच्या ठिकाणी काढतात. सॉफ्टवेअरमधील होकायंत्रावर उत्तर दिशा व शहर नोंदवले तर दिवसातील कोणत्याही वेळेचे ऊन पाहता येते. बडोदे सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीवरही छज्जा लागतो. ही गोष्ट पडद्यावर पाहिल्याशिवाय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

जमिनीखालचे मात्र या पद्धतीत काहीच दिसत नाही. घराची फरशी शून्य पातळीवर सुरू होते, जोते (जमिनीपासून फरशीपर्यंतचा उंचावलेला भाग) नसते. संहितेत जोत्याची किमान उंची भोवतालच्या जमिनीपासून ४५० मिलिमीटर सांगितली आहे, पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी ज्यांच्या घरात शिरले ते एवढ्यावर समाधान मानणार नाहीत. जोते वाढवले की दारापुढच्या पायऱ्या वाढतात व वाहन आत नेण्याचा उतार लांबतो, म्हणून पातळीची उंची सॉफ्टवेअरमध्ये आरंभीच लिहून पुढचे अंगण त्या हिशेबाने काढावे. शहराच्या बऱ्याच भागांत काळी, पाण्याने फुगणारी माती आहे, तिच्यावरचा पाया, तसेच कॉलम, बीम व त्यातील सळया हा संरचना अभियंत्याचा विषय आहे. पडद्यावरून मधला कॉलम एका क्लिकने पुसता येतो, आणि घरमालकाच्या मनातून तो तेथेच पुसला जातो. ही या साधनाची खरी हानी होय.

परवानगीसाठी, म्हणजे बडोद्यात ज्याला सर्रास ‘रजा चिठ्ठी’ म्हणतात तीसाठी, स्वतः काढलेला आराखडा चालत नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ हा ‘आर्किटेक्ट’ या पदनामाला संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्याने आराखडे काढण्यावर त्या अधिनियमाने बंदी नाही, बंदी ते पदनाम लावण्यावर आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तथापि गुजरातच्या २०१७ च्या सर्वसाधारण विकास नियंत्रण विनियमांप्रमाणे अर्जासोबतच्या नकाशांची जबाबदारी नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा अभियंता आणि संरचना अभियंता यांनी घ्यावी लागते. त्या नकाशात मजल्यांच्या मांडणीबरोबर स्थळदर्शक नकाशा, छेद, दर्शनी बाजू, सोडावयाची मोकळी जागा व क्षेत्रफळाचा हिशेब असतो. जुन्या घरातील पाडायचा भाग पिवळ्या व नवे काम लाल रंगात दाखवण्याचा संकेत आहे. यांपैकी बहुतेक गोष्टी गृहरचना सॉफ्टवेअरला ठाऊक नसतात, त्यामुळे ड्राफ्ट्समन सर्व काही कॅडवर, म्हणजे ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरवर, नव्याने काढतो. घरमालकाला त्याचा राग येतो, पण वाया गेलेले काही नसते. एरवी ज्या कामासाठी चार खेपा घालाव्या लागतात, ते खोल्यांचे नाते व सामानाची मापे यांबाबतचे ठरवणे घरातच, सगळ्यांच्या देखत, झालेले असते.

मापांची भाषा हा शेवटचा अडसर. खरेदीखतावर व बोलण्यात ‘वार’ (चौरस यार्ड) असतात, परवानगीच्या नकाशात मीटर आणि गवंड्याच्या तोंडी फूट-इंच. वीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट म्हणजे सुमारे ८९ वार किंवा ७४.३ चौरस मीटर. सॉफ्टवेअरमध्ये एकक केव्हाही बदलता येते, म्हणून नियम तपासताना मीटर व छापताना फूट ठेवणे सोयीचे. असा प्लॉट १:५० या प्रमाणात ए-फोर कागदावर बसतो, परंतु छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय चुकून राहिला तर प्रमाण मोडते. जुने ड्राफ्ट्समन नकाशावर पट्टी लावून माप घेऊ देत नसत, लिहिलेला आकडाच खरा मानत. ती शिस्त येथेही पाळावी आणि प्रत्येक खोलीची आतून आतपर्यंतची मापे व दारांच्या जागा आकड्यांत लिहाव्यात. झोपाळ्याच्या दोन कड्यांचे अंतर व त्यांचे दोन भिंतींपासूनचे माप याच कागदावर असावे, कारण स्लॅब ओतण्याआधी सळयांना कड्या अडकवल्या जातात आणि तेव्हा सेंट्रिंगच्या फळ्यांवर खडूने खूण करणाऱ्याच्या हातात संगणक नसतो, ही घडी घातलेली प्रिंटच असते.