कुडकुडी एसीची की भुलीची?

ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणलेला पेशंट दात वाजवत असतो आणि नातेवाईक करवादतात, "आत एसी केवढा वाढवून ठेवतात!" लगेच पिशवीतून घरची गोधडी निघते. एसीचा हात त्यात असतोच, पण खरी करामत भुलीची.

एरवी शरीर हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळून छाती-पोटातली ऊब सांभाळतं. पूर्ण भूल दिली की त्या सैलावतात आणि आतली ऊब हातापायांकडे पसरते. पहिल्या तासाभरातच आतलं तापमान १ ते १.५ अंशांनी उतरू शकतं.

गोधडी बिचारी ऊब धरून ठेवते, तयार करत नाही. म्हणून १९८०च्या दशकात गरम हवेचं पांघरूण आलं: कागदासारखी हलकी, पोकळ चादर, अंगाकडच्या बाजूला बारीक भोकं, आणि जाड नळीतून येणारी साधारण ४३ अंशांपर्यंतची हवा. भोकांमुळे ती अंगभर विखुरते. चादर न जोडता नुसती नळीच पांघरुणाखाली सारली, तर एकाच जागी भाजतं. असे अपघात झालेत.

गंमत म्हणजे हे पांघरूण भुलीच्या आधी अर्धा तास घातलं तर जास्त उपयोग होतो. हातपाय आधीच उबदार असले की आतली ऊब तिकडे कमी धावते.

पेशंटचं अंग मुद्दाम गार करायचं असेल, तर गार पाणी खेळवणारं पांघरूण असतं; त्याची अडचण नेमकी उलटी. अंग गार करायला जावं, तर शरीर कुडकुडून पुन्हा ऊब तयार करतं, आणि आधी ती कुडकुडी औषधाने थांबवावी लागते.