ग्लायोब्लास्टोमा आणि प्रतिपिंडे : एका अडलेल्या वाटेचा मागोवा

केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे (रोगप्रतिकारासाठी शरीर बनवते ती प्रथिने) हवी तितकी तयार करण्याची पद्धत शोधली आणि कर्करोगाच्या पेशी नेमक्या टिपता येतील, अशी आशा निर्माण झाली. स्तनांच्या व रक्ताच्या काही कर्करोगांत ती बऱ्याच अंशी खरी ठरली. मेंदूतील अतिआक्रमक ग्लायोब्लास्टोमात मात्र अद्याप ठरलेली नाही.

पहिली अडचण आकाराची होती. या आजारात नेहमी दिल्या जाणाऱ्या टेमोझोलोमाइड या औषधाच्या रेणूचे वजन १९४ डाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) आहे, तर प्रतिपिंडाचे सुमारे दीड लाख. गाठीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या गळक्या असल्या, तरी कडेने निरोगी मेंदूत शिरलेल्या पेशींपर्यंत रक्तातून एवढा मोठा रेणू क्वचितच पोहोचतो. म्हणूनच अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॅरेल बिग्नर यांच्या गटाने गाठीत आढळणाऱ्या टेनॅसिन या प्रथिनाविरोधी प्रतिपिंडाला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पोकळीत थेट सोडून पाहिले.

बेव्हॅसिझुमॅब या प्रतिपिंड-औषधाची कथा वेगळी आहे. गाठ वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले होते. हे औषध त्या वाढीला चालना देणारा व्हीईजीएफ हा घटक निकामी करते, त्यामुळे त्याला मेंदूत खोल शिरावे लागत नाही. उलटलेल्या (उपचारांनंतर पुन्हा उद्भवलेल्या) ग्लायोब्लास्टोमासाठी अमेरिकेने २००९ मध्ये त्याला त्वरित, म्हणजे अंतिम पुराव्याआधीची, मान्यता दिली. युरोपीय नियामकांनी त्याच वर्षी ती नाकारली. दोघांसमोर प्रश्न एकच होता : वाहिन्यांची गळती थांबल्याने एमआरआयमध्ये गाठ लहान दिसते, सूज उतरते, स्टेरॉइडची गरज कमी होते, पण रुग्ण अधिक जगतो का? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांनी एकूण आयुर्मान वाढत नसल्याचे दाखवले. तरीही २०१७ मध्ये अमेरिकेत, उलटलेल्या आजारापुरती, पूर्ण मान्यता मिळाली. सूज उतरल्याने रुग्णाला मिळणारा दिलासा क्षुल्लक नसतो, पण त्याला गाठीवरील विजय समजणे चुकीचे ठरेल.

दुसरे लक्ष्य ईजीएफआर, म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारे तिच्या पृष्ठभागावरील प्रथिन. सुमारे निम्म्या ग्लायोब्लास्टोमांत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर विषारी औषध लादलेल्या डेपाटुक्सिझुमॅब मॅफोडोटिनची मोठी चाचणी २०१९ मध्ये, आयुर्मानात लाभ न दिसल्याने, थांबवावी लागली. शिवाय अनेकांच्या डोळ्यांच्या पारपटलाला त्रास झाला. एकाच गाठीतल्या सर्व पेशींवर तेच लक्ष्य नसते, ही अडचण ईजीएफआरविरोधी उपचारांत वारंवार आडवी आली आहे.

तिच्यावर तोड म्हणून बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने ईजीएफआरच्या बदललेल्या रूपाला ओळखणाऱ्या टी-पेशींकडूनच (रोगप्रतिकारक पेशींकडूनच), मूळ ईजीएफआरला पकडणारा प्रतिपिंडसदृश रेणू स्रवून घेतला आणि त्या पेशी मेंदूच्या पोकळीतील द्रवात सोडल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तीन रुग्णांच्या अहवालात गाठी काही दिवसांतच आकसल्या. त्यांपैकी दोघांत हा परिणाम टिकला नाही.