एका फायबरवर बत्तीस घरं

घरात फायबर आलं म्हणजे एक्स्चेंजपासून आपल्या एकट्यासाठी धागा ओढला, असा बऱ्याच नाशिककरांचा समज असतो. प्रत्यक्षात गल्लीतल्या खांबावर लटकणाऱ्या डबीत स्प्लिटर असतो. त्याला वीज लागत नाही. एका फायबरमधला प्रकाश तो 8, 16 किंवा 32 घरांना वाटून देतो. दर फाट्याला प्रकाश निम्मा होतो; बत्तीस वाटे केले की जवळपास 17 डेसिबल (प्रकाशाची घट मोजायचं माप) गळतात. केबलवाला पोरगा पॉवर मीटर लावून बघतो ते हेच.

वाटून वापरायची ही रीत टेलिफोनवाल्यांची. सगळे ग्राहक एकदम बोलत नाहीत, मग किती लाइनी पुरतील? डेन्मार्कचे गणिती ए. के. एर्लांग यांनी 1909 मध्ये या हिशेबाला हात घातला आणि 1917 मध्ये सूत्रच दिलं. 1980च्या दशकात घरोघरी स्वतंत्र फायबर परवडेना, तेव्हा ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधकांनी स्प्लिटरची रचना पुढे आणली. 1998 मध्ये आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेचं पहिलं मानक आलं, 2003 पासून त्याची गिगाबिट वेगाची पुढची आवृत्ती जीपॉन: डाउनलोडला अडीच गिगाबिट, अपलोडला सव्वा. 2011 मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतही ग्रामपंचायतींसाठी जीपॉनच निवडलं गेलं.

डाउनलोड तसं सोपं. सगळ्यांचा डेटा सगळ्यांकडे जातो, ज्याचा त्याने उचलायचा. दुसऱ्याचा वाचता येऊ नये म्हणून तो कुलूपबंद करायची सोय मानकातच आहे. खरी गंमत अपलोडमध्ये. दोन घरांचा प्रकाश एकाच क्षणी स्प्लिटरवर आला तर दोन्ही वाया. बागलाणात मोसम-आरम नद्यांवरच्या फडांवर, म्हणजे सामाईक पाण्याच्या शेतांवर, पाटकरी पाण्याची पाळी लावतो, तसं इथे एक्स्चेंजमधलं ओएलटी नावाचं यंत्र लावतं. आधी ते प्रत्येक घराचं अंतर मोजतं. काचेतून एक किलोमीटर जायला प्रकाशाला 5 मायक्रोसेकंद लागतात. एक घर 2 किलोमीटरवर आणि दुसरं 9 वर असेल, तर जाऊन-येऊन 70 मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. म्हणून जवळच्याला तेवढं थांबायला सांगतात. ज्याला काही पाठवायचं नाही, त्याची वेळ दुसऱ्याला मिळते. हे सगळं 125 मायक्रोसेकंदांच्या चौकटीत चालतं, आणि हा आकडाही फोनचाच: आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घ्यायचे, म्हणून.

आता हिशेब करा. बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकदम डाउनलोड लावलं, तरी जीपॉनवर प्रत्येकाला 75 एमबीपीएसच्या आसपास मिळायला हवेत. मॅचच्या वेळी सिडको-इंदिरानगरात चित्र अडकलं, तर मला आधी संशय येतो तो पुरवठादाराने ओएलटीच्या मागे किती बँडविड्थ विकत घेतलीय याचा. कनेक्शन घेताना प्लॅनच्या आकड्यापेक्षा तेच विचारावं. उत्तर सहसा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.