डॅशहाउंड: नावातला घोळ आणि पाठीचं दुखणं

जर्मनमध्ये 'हुंड' म्हणजे साधा कुत्रा, आणि 'डॅक्स' म्हणजे बॅजर, बीळ करून राहणारा बळकट प्राणी. डॅक्सहुंड, म्हणजेच आपला लांब अंगाचा, आखूड पायांचा डॅशहाउंड, हा बॅजरच्या बिळात सोडायचा कुत्रा. इंग्रजीत 'हुंड'चा 'हाउंड', म्हणजे माग काढणारा शिकारी कुत्रा, झाला आणि मराठीनेही तोच उचलला. जर्मन शिकारी मात्र त्याला 'टेकल' म्हणतात, त्यामुळे तिथे घोळच होत नाही. ब्रिटन-अमेरिकेत तो हाउंड गटात बसतो. श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (FCI) मात्र त्याच्या एकट्यासाठी चौथा गट ठेवला आहे. मला हेच पटतं. हा कुत्रा बिळात शिरून भुंकतो आणि जखमी जनावराच्या रक्ताचा मागही काढतो. वासामागे लागला की तुमची हाक त्याच्या कानावर पडूनही पोचत नाही, हा हट्ट नव्हे. मोकळ्या जागी पट्टा सोडू नये तो याचसाठी.

जातीचा पहिला लेखी मानक, म्हणजे कुत्रा कसा असावा याचं वर्णन, 1879 चा. पुढे प्रदर्शनांत लांब, जमिनीलगतचा कुत्रा जिंकत गेला आणि कामाचा बांधा मागे पडला. ब्रिटनमध्ये 2009 साली मानकं बदलताना पोट जमिनीपासून पुरेसं वर हवं, असा आग्रह आला. जातीचं रूपच बिघडेल, अशी तक्रार काहींनी केली. पण आंतरराष्ट्रीय मानकातही छातीखालची मोकळी जागा खांद्याच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश मागितली आहे, तेव्हा ही तक्रार टिकत नाही.

त्याच 2009 साली आखूड पायांचं कारण सापडलं: एका वाढीच्या जनुकाची जादा प्रत. 2017 मध्ये अशीच दुसरी प्रत सापडली. ती असली की मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक होतात, त्यांत चुना साठतो आणि एखादी सरकून मज्जारज्जूवर दाबते. दर चार-पाच डॅशहाउंडांत एकाला हा त्रास होतो. दुसरी प्रत जवळपास सगळ्यांतच असल्याने जनुकचाचणीवरून पैदाशीसाठी निवड करता येत नाही. उत्तर युरोपात म्हणून दोन ते चार वर्षांच्या वयात एक्स-रे काढून चुना साठलेल्या चकत्या मोजतात. हा खर्च पैदास करणाऱ्याने टाळू नये, असं मला ठामपणे वाटतं.

जपणुकीचं बरंचसं याच पाठीभोवती फिरतं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पाठ आडवी राहिली पाहिजे. पुढच्या पायांना धरून वर ओढू नये. वजन वाढू देऊ नये, पण जपायचं म्हणून घरात बसवूनही ठेवू नये, कारण रोज चालणाऱ्याचे स्नायू पाठीला आधार देतात. नेहमीच्या पायरीशी तो अडला, उचलताच कळवळला किंवा मागचा पंजा उलटा पडून नखं फरशीवर घासू लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं. चालत येणाऱ्या कुत्र्याची बरं होण्याची शक्यता, पाय गेल्यावर आणलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.