घुमटाचा वारा आणि सॅक्सोफोनचा गंधार

"पुता, तुझा सूर चढतोय की माझं कातडं उतरतंय?"

चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आली होती. बाहेर रिपरिप चालू होती आणि गोव्यातल्या फोंड्यात आमच्या सोप्यावर घुमट आरतीची, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणायच्या आरतीची, तालीम बसली होती. भावाचा मडगावचा मित्र सॅक्सोफोन घेऊन आला होता. तो जाझ वाजवतो, आणि घुमटाबरोबर वाजवून बघायची त्याची फार दिवसांची इच्छा होती. काकांनी अर्धा तास त्याला साथ केली, मग हात थांबवून हा प्रश्न विचारला. पोरगा म्हणाला, "काका, दोन्ही."

त्याचे उत्तर अगदी बरोबर होते. सॅक्सोफोनचा सूर नळीतल्या हवेवर ठरतो. अर्धा तास फुंकले की वाजवणाऱ्याच्या श्वासाने ती हवा तापते, आणि तापलेल्या हवेत ध्वनी जास्त वेगाने धावतो. दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटर जास्त. नळीतली हवा दहा अंशांनी तापली तर सूर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका चढतो. कातड्याचे नेमके उलटे. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा पिते, सैल पडते, ताण कमी झाला की सावकाश थरथरते आणि सूर खाली येतो. काका उठले, घुमट चुलीच्या धगीवर धरले, बोटाने टकटक करून पाहिले आणि परत येऊन बसले.

जाझ आणि ठिकठिकाणचे पारंपरिक संगीत एकत्र आले की आपण कोणता राग घेतला, कोणती वाद्ये होती याचीच चर्चा करतो. मला वाटते, खरी देवाणघेवाण त्याच्याही खाली चालते. हवेत, कातड्यात आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात.

घुमटच घ्या. मातीचे मडके, त्याला दोन तोंडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. 2019 साली घुमट गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले. उजव्या हाताने कातड्यावर थाप पडते आणि डावा तळवा लहान तोंडाशी उघडझाप करत राहतो. नवख्या माणसाचे सगळे लक्ष उजव्या हाताकडे जाते, पण घुमटाला बोलके करतो तो डावा हात.

मडक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. लहान तोंडाशी असलेली हवा त्या स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखी आतबाहेर हलते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो हूं आवाज येतो, तो असाच तयार होतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचे गणित मांडले. तोंड जितके लहान, तितका सूर खाली, पण सरळ प्रमाणात नव्हे, वर्गमुळाच्या प्रमाणात. बाकी काही न बदलता तोंडाचे क्षेत्रफळ चौथाईवर आणले तर वारंवारता निम्मी होते, म्हणजे सूर एक सप्तक उतरतो. काकांचा तळवा हे वर्गमूळ दर थापेला काढत असतो. जाझच्या डबल बास वादकाला तारेवर बोट घसरवून जे साधावे लागते, ती खर्जातली मींड घुमट नुसत्या वाऱ्यावर घेते.

जाझ गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्या 'शक्ती' या वाद्यवृंदात 1975 साली हेच मडके वेगळ्या रूपात जाझच्या गिटारशेजारी येऊन बसले. विनायकरामांच्या घटमला कातडे नाही, पण तोंड पोटावर कमीजास्त दाबून सूर बदलण्याची युक्ती तीच. झाकीरभाईंच्या तबल्याची गोष्ट निराळी. साध्या गोल कातड्याची कंपने एकमेकांच्या पटीत बसत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांना नुसता आवाज असतो, ठाम सूर नसतो. मधोमध लावलेल्या काळ्या लेपाच्या, म्हणजे शाईच्या, वजनामुळे तबल्याची कंपने 1, 2, 3, 4 अशा पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली दाखवून दिले. घुमटाला शाई नसते. त्याला सूर मिळतो तो मुख्यतः पोटातल्या वाऱ्याकडून.

आता गंधाराकडे येतो, कारण तालमीत आमचे घोडे तिथेच अडले. षड्ज 240 हर्ट्झचा धरला तर शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे बरोबर 300. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने तोच गंधार 302.4वर येतो. दोन्ही एकदम वाजवले की सेकंदाला साधारण अडीच वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. यालाच विस्पंद म्हणतात. पंचमात हा त्रास जवळजवळ नाही (360 आणि 359.6), पण गंधारात तो उघड ऐकू येतो. हार्मोनियमही पियानोसारखाच लावलेला असतो, आणि त्याच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारीचे मूळ यातच आहे. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

गंमत अशी की जाझलाही पियानोच्या त्या पट्ट्या पुरल्या नाहीत. आफ्रिकन-अमेरिकन गायकांचा 'ब्लू नोट' कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी राहतो. पियानोवर तो सापडत नाही. सॅक्सोफोनवर ओठांचा दाब बदलून मिळतो. मॅकलॉफ्लिनने तर 'शक्ती'साठी फ्रेटांमधले (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधले) लाकूड कोरून खोलगट केलेली गिटार वापरली, तार खोल दाबून वीणेसारखी ओढता यावी म्हणून. जिथे सूर वाकवता येतो, तिथे या दोन परंपरांची गाठ सहज पडते, असा माझा अनुभव आहे. आमच्या तालमीत पेटी बाजूला ठेवली, तंबोरा लावला आणि पोराचा गंधार दोन मिनिटांत जागेवर आला.

गोंयकाराला हे नवे नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली पोरे मुंबईला गेली आणि तिथल्या जाझ बँडांत शिरली. हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट 1951 साली सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त पोचला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली रागांवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग आणले. गोमंतकीय आईवडिलांचा अमान्सिओ डिसिल्वा लंडनला गेला आणि 1969 साली जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर गिटार वाजवू लागला. त्याआधीही मांडो ही कोंकणी गीते गाताना व्हायोलिन आणि घुमट एकाच खोलीत नांदत होतेच.

राहिली लय. तिथे अडचण गंधाराहून मोठी निघाली.

पोरगा दर वेळी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, किंचित मागे पडत होता. काकांना ती चूक वाटली. पण जाझमधले 'स्विंग' याच मागे पडण्यात आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी 2022 साली मुख्य वादकाचे मात्रेवर पडणारे सूर साथीपेक्षा सुमारे 30 मिलिसेकंद उशिरा सरकवले, मधले सूर साथीबरोबरच ठेवले, आणि जाझ वादकांना दोन्ही नमुने ऐकवले. उशिराच्या नमुन्यात जास्त स्विंग आहे असे त्यांनी म्हणण्याची शक्यता सातपटीहून अधिक निघाली. तीस मिलिसेकंदांत ध्वनी जेमतेम दहा मीटर जातो. म्हणजे सोप्यावरच्या थापेचा आवाज अंगणातल्या तुळशीवृंदावनापर्यंत पोचायला लागतो तेवढाच वेळ!

आपल्याकडे मात्र समेवरचा तेवढा उशीरही खुपतो. तिहाईचा, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याचा, हिशेब बघा. त्रितालाच्या 16 मात्रा. पाच मात्रांचा बोल, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, एक थांबा, पुन्हा पाच. बेरीज 17, आणि ती सतरावी म्हणजेच पुढची सम. जाझमध्येही चार-चार मात्रांच्या चार बार मिळून सोळाच मात्रा, त्यामुळे पोराला हिशेब लगेच कळला. पण हा सगळा डोलारा शेवटच्या एका थापेवर उभा असतो. ज्या भूमीत खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत, तिथे ती थाप ढळलेली कोण खपवून घेणार?

काकांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "असं कर. मधल्या मात्रांवर तुला हवं तितकं रेंगाळ. मी तुझ्यासाठी थांबणार नाही, तूही माझ्यामागे धावू नकोस. पण समेवर दोघांनी एकत्र यायचं."

पहिल्या दोन खेपा फसल्या. तिसऱ्या खेपेला तो आवर्तनभर मागे मागे राहिला, तिहाईच्या शेवटच्या पाचांत सरळ झाला, काकांचा डावा तळवा तोंडावरून अलगद उठला, आणि घुमटाचा घूं आणि सॅक्सोफोनचा षड्ज एकाच क्षणी पडले. कांसाळे (झांजा) धरलेला पुतण्या आपला टोला द्यायचा विसरून त्या दोघांकडे बघत राहिला.