बसूनच तर असतो ना तो?

मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे साडेसहा, धरमपेठेत मित्राच्या घरी आम्ही चार जण फॉर्म्युला वनची (एफवन, कारची शर्यत) रेस बघत बसलो होतो. बाहेर ऊन उतरलं होतं पण भिंती अजून तापलेल्याच, कूलर फुल स्पीडवर. मित्राचे काका पाणी प्यायला आत आले, दोन मिनिटं टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय पाहून राहिले बे पोट्टेहो? गाडी गोल गोल फिरून राहिली, तो आतमधे बसून राहिला. आमचा यष्टीचा ड्रायव्हर नागपूरहून पंढरपूरले गाडी नेऊन परत आणते, त्याले द्या मंग मेडल."

सगळे हसले. मी पण हसलो, कारण त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, थोडी आकडेमोड केली, आणि आता काकांना (आणि घरोघरी असे जे काका आहेत त्यांना) सांगण्यासारखं काहीतरी जमलंय.

आधी शब्दाचं बघू. मराठीत 'खेळाडू' म्हटलं की कॅरमवाला पण त्यात येतो आणि बुद्धिबळवाला पण. आपली दिव्या देशमुख २०२५ ला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून आली तेव्हा "ती खेळाडू आहे का" असं नागपुरात कोणी विचारलं नाही. म्हणजे रेस ड्रायव्हर खेळाडू आहे यावर भांडण नाहीच. काकांचा मुद्दा शरीराचा आहे, की बसलेल्या माणसाच्या शरीराला असे काय कष्ट पडतात?

तर ते कष्ट मानेपासून सुरू होतात.

समजा गाडी २५० किमीच्या स्पीडने वळतेय आणि त्या वळणाची त्रिज्या १०० मीटर आहे. वळताना किती त्वरण लागतं याचं शाळेतलं सूत्र आठवा, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. २५० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ६९ मीटर, त्याचा वर्ग करून १०० ने भागला की ४८ येतात, आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण ९.८, म्हणजे जवळजवळ ५ पट. यालाच ५ जी म्हणतात. माणसाचं डोकं पाचेक किलोचं, वर दीड किलोच्या आसपास हेल्मेट, झाले साडेसहा किलो. त्याचे पाच पट म्हणजे ३२ किलो, आणि हे वजन वरून खाली नाही तर आडवं, खांद्याच्या दिशेने डोकं ओढणारं. तांदळाचा तीस किलोचा कट्टा कानाला बांधून कोणी बाजूला खेचतंय असं समजा. घरच्या गाडीत तुम्ही जिवावर उदार होऊन ब्रेक मारला तरी जेमतेम १ जी लागतो. एफवनमधे ब्रेक मारताना पण ५ जीच्या आसपास जातं, फक्त तेव्हा डोकं पुढे फेकलं जातं.

आता हा आकडा वाचून काही वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. म्हणून एक प्रयोग सांगतो, फुकट आहे. खाटेवर कुशीवर झोपा, खांदा बरोबर कडेला येईल आणि डोकं खाटेच्या बाहेर अधांतरी राहील असे. उशी नाही, हात नाही. डोकं शरीराच्या रेषेत सरळ धरून ठेवा. हे जे तुमच्या मानेला जाणवतंय ना, तो बरोबर १ जी आहे, आडवा, ड्रायव्हरला लागतो तसाच. आता टू-व्हीलरचं हेल्मेट घालून परत करा. मी केलं, पहिल्या मिनिटानंतर मान थरथरायला लागली. आता याचे पाच पट करा, आणि हे एकदा नाही, सिंगापूरच्या ट्रॅकवर १९ वळणं आणि ६२ लॅप (फेऱ्या) म्हणजे अकराशेच्या वर वळणं. सगळीच ५ जीची नसतात, बरीच हळू वळणं आहेत, पण मान तर प्रत्येक वळणाला सांभाळावीच लागते. आणि सिंगापूर, ब्राझीलचं इंटरलागोस हे ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, बहुतेक ट्रॅक सुलट. म्हणजे वर्षभर मानेची जी बाजू जास्त राबते ती सोडून तिथे दुसऱ्या बाजूवर लोड. मान पार थकली की ड्रायव्हर डोकं कॉकपिटच्या कडेच्या फोमला टेकवून देतात, टीव्हीवर लक्ष देऊन पाहिलं तर दिसतं.

इथे एक गंमत आहे. फिजिक्समधे कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. डोकं हललंच नाही तर विस्थापन शून्य, म्हणजे कार्य पण शून्य! पुस्तकाच्या हिशोबाने काका बरोबर आहेत, तो नुसता बसलाय. पण स्नायूला पुस्तक माहीत नाही. स्नायूच्या आत बारीक धागे असतात, ते एकमेकांना पकडतात, ओढतात, सोडतात, परत पकडतात, आणि प्रत्येक पकडीला एटीपी नावाचं इंधन जळतं, बाहेरून काही हललेलं दिसो की न दिसो. भरलेली बादली नुसती हातात धरून उभे राहा, कळेल. उलट असं न हलता ताणून धरणं एका बाबतीत जास्तच वाईट, कारण ताठ झालेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त नीट येत नाही, मग शरीर काय करतं तर बीपी आणि नाडी वाढवून रक्त ढकलायला बघतं.

म्हणून रेसमधे ड्रायव्हरची नाडी १६०-१७० च्या आसपास तासभर आणि त्याहून जास्त वेळ राहते. यावर एक शंका येते आणि ती बरोबर आहे. बारावीच्या रिझल्टच्या दिवशी माझीही नाडी धावत होती, मी काय अ‍ॅथलीट होतो? भीतीने, उत्साहाने अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि बसल्या जागी धडधड होते, त्याला व्यायाम म्हणत नाहीत. फरक ऑक्सिजनमधे कळतो. नुसत्या भीतीत नाडी पळते पण स्नायू फार ऑक्सिजन खात नाहीत. गाडी चालवणाऱ्या रेसरला मास्क लावून मोजणी झालेली आहे, आणि त्यात ऑक्सिजनचा खपही चांगलाच वाढलेला सापडला. म्हणजे धडधडीतला काही भाग टेन्शनचा आहेच, पण उरलेला खऱ्या मेहनतीचा.

पायाचं पण ऐकून घ्या. आपल्या कारमधे ब्रेकला बूस्टर असतो, बोटभर दाबलं की काम होतं. एफवनमधे तशी मदत नसते, जोरात ब्रेक मारताना पेडलवर १०० किलोच्या वर जोर लावावा लागतो, तो पण डाव्या पायाने, तो पण मोजून मापून, कारण जास्त झाला की चाक लॉक. स्टिअरिंगला एफवनमधे पॉवर आहे, अमेरिकेतल्या इंडीकार नावाच्या रेसमधे ती पण नाही. मी एकदा शहराबाहेर भाड्याची गो-कार्ट चालवली होती, दहा मिनिटं फक्त, दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना मनगटापासून कोपरापर्यंत हात बोंबलत होता. १९९१ ला इंटरलागोसवर ब्राझीलचाच ड्रायव्हर आयर्टन सेनाच्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला, शेवटचे लॅप त्याने एकाच सहाव्या गिअरवर ओढले आणि घरच्या लोकांसमोर रेस जिंकला, पण हातखांदे इतके आखडले होते की गाडीतून बाहेर काढायला मदत लागली आणि ट्रॉफी धड उचलता येईना.

आता गर्मी. हा विषय नागपूरकराला शिकवायची गरज नाही, ४५-४६ आपण दरवर्षी बघतो, २०२४ ला तर इथल्या एका ऑटोमॅटिक केंद्राने ५६ दाखवले होते (सेन्सर बिघडलेला निघाला, पण आपल्यापैकी निम्म्यांना ते खरंच वाटलं होतं). एफवनचं कॉकपिट गरम रेसमधे ५० च्या वर जातं. पण खरी अडचण नुसत्या आकड्याची नाही. आपला कूलर मे मधे मस्त चालतो आणि जुलैत तोच कूलर, तेच पाणी, त्याच ताट्या, पण खोलीत नुसती चिपचिप, का? कारण थंडावा पाण्याने येत नाही, पाणी उडून जाण्याने येतो, आणि दमट हवेत ते उडतच नाही. घामाचं अगदी तसंच आहे. ड्रायव्हरच्या अंगावर आग न लागणाऱ्या कापडाचे थर, हातमोजे, डोक्यावर बालाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारी टोपी), त्यावर हेल्मेट. घाम येतो भरपूर, उडत नाही, म्हणजे जुलैतला कूलर. एका गरम रेसमधे दोन-तीन किलो वजन निव्वळ घामात जातं, आणि पाणी कमी झालं की रक्त कमी पडतं, मग तेवढंच काम करायला हृदयाला आणखी पळावं लागतं.

२०२३ ची कतारची रेस ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायची गरज नाही. ऑक्टोबर, रात्रीची रेस, तरीही एस्टेबान ओकॉनला हेल्मेटमधेच उलटी झाली आणि तो तसाच चालवत राहून सातवा आला. लोगन सार्जंटला मधेच गाडी थांबवावी लागली. लान्स स्ट्रोल म्हणाला की वळणांवर शुद्ध हरपते की काय असं होत होतं. यानंतरच एफआयएने (एफवनचे नियम करणारी संस्था) गर्मीचा नियम आणला, हीट इंडेक्स ३१ च्या वर जाणार असला की 'हीट हॅझर्ड' जाहीर होतो आणि गाडीत कूलिंगची सोय बसवावी लागते, नळ्यांतून थंड द्रव फिरणारं बनियन असं समजा. २०२५ ला सिंगापूरमधे तो पहिल्यांदा लागू झाला. ३१ ऐकून काका हसतील, पण हीट इंडेक्समधे दमटपणा धरलेला असतो आणि आपण मे मधे तीन थर घालून धावत नाही, आपण कांदा खिशात घालून सावली शोधतो.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त पटली ती वेगळीच आहे. २००१ मधे अमेरिकेत टेक्सासच्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर कार्ट (CART, गो-कार्ट नव्हे) नावाच्या मालिकेची रेस होती, उंच बँकिंगची म्हणजे एका बाजूने उचललेली वळणं, स्पीड ३७० च्या आसपास, ५ जीच्या वर जोर आणि तो लॅपचा बराचसा वेळ. सरावातच बहुतेक ड्रायव्हरांना गरगरायला लागलं आणि रेस सुरू व्हायच्या दोनेक तास आधी रद्द करावी लागली. गाड्या तयार होत्या. आतली माणसं पुरी पडत नव्हती.

गाडीच जिंकते, ड्रायव्हर नाही, हा दुसरा आक्षेप. बरोबर आहे, खराब गाडीत चांगला ड्रायव्हर पण मागेच राहतो. पण तो निकालाचा प्रश्न झाला, शरीराचा नाही. मागच्या गाडीतल्याची मान पण तेवढीच दुखते. आणि हलणंच बघायचं असेल तर आपल्या नागपूरचा तिरंदाज ओजस देवतळे पण बाण सोडताना हलत नाही, २०२३ ला न हलताच तो वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी एशियन गेम्समधे ३ गोल्ड घेऊन आला. सरकारने मात्र या बाबतीत बराच गोंधळ घातलाय, २०११ ला ग्रेटर नोएडाला रेस झाली तेव्हा हा खेळ की करमणूक यावरून करमणूक कराचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि दुसरीकडे २०१९ ला रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला.

बाकी यष्टीच्या ड्रायव्हरबद्दल काकांचं म्हणणं मला मान्य आहे, त्यालाही मेडल द्या, एसी नसलेल्या केबिनमधे इंजिनच्या शेजारी बसून मे महिन्यात आठ तास, ते काय कमी आहे का. फक्त त्याच्या मानेवर कट्टा नसतो.

परवा काकांना दिवाणावर कुशीवर झोपवलं, माझं हेल्मेट घातलं आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. ४० सेकंदांनी मान खाली आली. उठून बसले, हेल्मेट काढलं, दोन्ही हातांनी तोलून बघितलं आणि म्हणाले, "तुझं हेल्मेटच जड हाय बे."