पांढऱ्या छताच्या पोटात

फॉल्स सीलिंगला, म्हणजे स्लॅबखाली टांगलेल्या छताला, लावतात त्या जिप्सम बोर्डचा तुटका तुकडा हातात घ्या आणि कडेवर नखाने ओरखडा काढा. पांढरी भुकटी लगेच नखात येते. इतका मऊ दगड आगीपुढे टिकेल यावर विश्वास बसत नाही. पण कितीतरी इमारतींमधल्या पोलादी तुळयांना आणि लाकडी वाशांना आगीत वेळ मिळवून देतो तो हाच, आणि तेही स्वतःच्या पोटातल्या पाण्याच्या जोरावर.

जिप्सम म्हणजे पाणी धरून ठेवणारं कॅल्शियम सल्फेट. स्फटिकात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. वजनाने पाहिलं तर शुद्ध जिप्समचा जवळजवळ 21 टक्के भाग पाणीच. तरी हाताला ते कोरडं ठणठणीत लागतं, कारण हे पाणी ओल नव्हे, ते स्फटिकाच्या घडणीतच असतं. साडेबारा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर बोर्ड साधारण नऊ किलो भरतो. त्यात दीड किलोच्या वर पाणी! खाली आग लागली की हे पाणी थराथराने वाफ होऊन निघतं आणि त्यात भरपूर उष्णता खर्ची पडते. पाणी शिल्लक आहे तोवर बोर्डाच्या मागच्या बाजूचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. पाणी संपलं की मात्र गाभा आकसतो, तडकतो, गळून पडतो. म्हणूनच आगीसाठीच्या खास बोर्डात काचतंतू घालतात, ते तडकलेला गाभा आणखी काही वेळ धरून ठेवतात.

आतलं पाणी असं राखणदार, पण बाहेरचं पाणी याच बोर्डाचा वैरी. वरच्या मजल्यावरचा नळ थेंबथेंब गळत असेल तर आधी पिवळसर वर्तुळ उमटतं, मग बोर्ड मध्ये झोळीसारखा लोंबतो. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या कागदावर बुरशीला आयतं खाद्य मिळतं. ओल धरणाऱ्या जागेत अॅल्युमिनियम किंवा फायबर सिमेंट बरं. पीव्हीसीच्या पट्ट्याही पाण्याला दाद देत नाहीत. पण त्या उष्णतेने मऊ पडतात आणि जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतात. हा वायू डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं. न्हाणीघरात पीव्हीसी चालेल. शेगडीच्या वर किंवा बाहेर पडायच्या वाटेवर मी ते कधीही सुचवणार नाही.

आता आवाज. छत निवडताना याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि रोज त्रास होतो तो नेमका याचाच. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात शब्द इतके घुमत की ऐकणाऱ्याला काही कळेना. 1895 साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. त्याने दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या आवाज शोषणाऱ्या गाद्या रात्री आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे खोलीचं घनमीटरमधलं घनफळ गुणिले 0.161, भागिले खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांचं मिळून होणारं शोषण (प्रत्येकाचं चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग शोषतो तो).

8 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3 मीटर उंच अशी रिकामी वर्गखोली घ्या. सगळे पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडक, आवाजाचा जेमतेम 5 टक्के भाग शोषणारे. अशा खोलीत आवाज विरायला सुमारे 2.6 सेकंद लागतात. एक अक्षर विरायच्या आत पुढची सात-आठ त्यावर येऊन आदळतात. आता फक्त छताला 70 टक्के आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या, म्हणजे खनिज तंतूंच्या, टाइल लावा. वेळ 0.6 सेकंदांच्या खाली येतो. भिंती त्याच, फरशी तीच!

हे साधतं टाइलमधल्या बारीक छिद्रांमुळे. त्यांत शिरलेली हवा तंतूंना घासत मागेपुढे होते आणि ध्वनीची ऊर्जा किंचितशा उष्णतेत बदलते. अशा टाइलवर कुणी हौसेने जाड रंगाचा हात मारला की छिद्रं बुजतात आणि टाइलवर केलेला खर्च वाया जातो. आणखी एक गैरसमज फार खोलवर रुजला आहे. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. सच्छिद्र हलकी टाइल खोलीतला घुमारा कमी करेल, पण शेजारच्या खोलीतलं बोलणं तिच्यातून सहज झिरपतं. मधली भिंत फॉल्स सीलिंगपाशीच थांबवली असेल, तर आवाज टाइलमधून वर चढतो, पोकळीतून पलीकडे जातो आणि पुन्हा खाली उतरतो. त्यावर खरा उपाय म्हणजे भिंत थेट स्लॅबपर्यंत नेणं.

एवढं सगळं नीट निवडलं तरी छत शेवटी टांगलेलंच असतं. लंडनमधलं अपोलो थिएटर 1901 साली बांधलेलं. 19 डिसेंबर 2013 रोजी प्रयोग सुरू असताना तिथल्या छताचा प्लास्टरचा भाग प्रेक्षकांवर कोसळला, कितीतरी जण जखमी झाले. सांगाडा वर धरून ठेवणारे बंध पीओपीत भिजवलेल्या तागाच्या कापडाचे होते, आणि शतकभरात ते कमजोर झाले होते. खालून हे कुणाला दिसणार?

म्हणून पंखा किंवा जड झुंबर सीलिंगच्या चॅनेलला, म्हणजे बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांना, कधीच टांगू नये. त्याचा हुक स्लॅबमध्येच हवा. पाइपचे जोड आणि एसीची यंत्रणा जिथे असेल तिथे उचलता येणारी टाइल ठेवावी, अखंड बोर्ड असेल तर उघडणारं झाकण. वर्षातून एकदा ते उघडावं, टॉर्च लावून छत टांगून धरणाऱ्या हँगरच्या तारांवर गंज आहे का ते पाहावं आणि पाइपखालच्या बोर्डाच्या पाठीवर तळवा टेकवून तो गार, दमट लागतो का ते तपासावं. खालून डाग दिसायच्या कितीतरी आधी ओल तिथे हाताला लागते.